मृत्युपत्र आणि शेतजमीन

सात-बारावर ज्याचें नांव तोच जमिनीचा धनी, अशी समजूत आपल्या जिल्ह्यांत सार्वत्रिक आहे. महसूल खात्यांत कारकुनी करतांना या समजुतीपायीं जीं भांडणें आम्हीं पाहिलीं, त्यांत मृत्युपत्राचीं भांडणें फार. त्यांपैकीं एक येथें सांगतों.

भूम तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें स्वकष्टानें बारा एकर जमीन मिळविली होती. थोरला मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, मुलगी सासरीं. बापाची शुश्रूषा व शेती धाकट्यानें केली, कर्ज काढून विहीरहि खोदली. बापानें सर्व जमीन धाकट्यास देण्याचें मृत्युपत्र भारी किंमतीच्या स्टँप कागदावर करून ठेविलें. पुढें बाप मयत झाला, धाकट्यानें फेरफारासाठीं अर्ज दिला, बहिणीनें हरकत घेतली आणि प्रकरण दिवाणी न्यायालयांत गेलें. कागदावर साक्ष एकाच शेजाऱ्याची निघाली. मृत्युपत्र शाबीत झालें नाहीं. विधवा आई, दोन मुलगे व मुलगी असे चार समान वारस ठरले आणि धाकट्याच्या वांट्यास तीन एकर आले. विहीर त्या तिनांत नव्हती.

स्टँपचा खर्च वायां गेला, हें सांगावयास नको. मृत्युपत्रास स्टँप लागतच नाहीं, साधा कागद पुरतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, याचें कलम ६३ मागतें तें इतकेंच: करणाऱ्यानें सही अगर अंगठा करावा, निदान दोन साक्षीदारांनीं तो करतांना पाहून, किंवा सही आपलीच असल्याचें त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्या समक्ष आपापल्या सह्या कराव्या. (हें हिंदु खातेदारांविषयीं, मुसलमान बंधूंस त्यांचा स्वतंत्र कायदा आहे.) साक्षीदार करणाऱ्याहून तरुण व गांवांतच राहणारे निवडावे, कारण वाद झाल्यास हयात साक्षीदारांपैकीं निदान एकास न्यायालयांत उभें करावें लागतें. आपल्याच वयाचे दोन मित्र साक्षीस घेणारे सत्तरीचे म्हातारे आम्हीं पुष्कळ पाहिले. ज्यास जमीन मिळावयाची त्याची साक्ष घेऊं नये, संशयास जागा राहते. नोंदणी सक्तीची नाहीं, तरी करून ठेवलेली बरी.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. जें आपलें तेंच देतां येतें. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनींत, हिंदु उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम ३० प्रमाणें, फक्त आपल्या हिश्शाचेंच मृत्युपत्र होतें. आणि २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणें हिस्सेदार झाली आहे. दुरुस्ती अमलांत आली त्या दिवशीं बाप हयात असण्याची अट नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. जमीन वडिलोपार्जित कीं स्वकष्टार्जित याचा उलगडा जुन्या कागदांतून होतो, आणि आपल्याकडे घोडें येथेंच पेंड खातें. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा तर १९६७ पर्यंत येथें चालला. जुनें दप्तर पुष्कळसें उर्दूंत व मोडींत आहे. वडीलधारीं माणसें हयात असतांनाच खासरा पत्रक व जुने फेरफार यांच्या नकला काढून जाणत्याकडून वाचवून घ्याव्या. देवस्थान इनामाची जमीन कसणाऱ्यानें मृत्युपत्राच्या भानगडींत पडूंच नये, ती देवाची.

आतां सात-बाराविषयीं. फेरफार ही महसुलासाठीं ठेवलेली नोंद. तिनें मालकी निर्माण होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें अनेक वेळां सांगितलें आहे. तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५७ प्रमाणें उलट शाबीत होईपर्यंत ती खरी धरतात, म्हणून ती करून घेण्यांत आळस नको. हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांचे आंत तलाठ्यांस, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांस, कळवावें. सोबत मृत्यूचा दाखला व मृत्युपत्राची नक्कल द्यावी. मूळ दाखवून परत घ्यावें. अर्जाची लेखी पोंच मागावी. ती देणें कलम १४९ प्रमाणें त्यांस भागच आहे. आम्ही टेबलामागें बसत होतों, म्हणून सांगतों.