फडालगतची अंगणवाडी आणि आपण



या सदरात आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण तो फडातूनच आलेला आहे.

गेल्या हंगामात एका सभासदाच्या खोडव्याचा ब्रिक्स पाहायला गेलो होतो. प्लॉटच्या बांधाला लागूनच अंगणवाडीची खोली. पोरांची खिचडीची वेळ झालेली, ओळीने हात धुणे चाललेले. पाणी ज्या कॅनमधून घेत होते तो कॅन आम्ही लांबूनच ओळखला. क्लोरपायरिफॉसचा, पाच लिटरचा. लेबल खरवडलेले, पण झाकण उघडून नाकाशी नेले तर वास तसाच. सेविकाबाई म्हणाल्या, "साहेब, शेजारच्या तात्यांनी दिलाय. राखेनं चांगला घासून घेतलाय की." तात्यांना तो कॅन आमच्याच गट कार्यालयातून उधारीवर गेलेला होता. पावतीवर सही आमची. त्या दिवशी कोणाला काही झाले नाही, एवढेच. आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

औषधाचा प्लास्टिकचा कॅन राखेने, साबणाने कितीही धुतला तरी पिण्या-धुण्याच्या पाण्याला चालत नाही. औषध प्लास्टिकात मुरते. क्लोरपायरिफॉस हे सेंद्रिय स्फुरदयुक्त विष आहे, ते थेट मज्जातंतूंवर काम करते. हुमणीला जे मारते तेच पोराला बाधते, आणि पोराचे वजन दहा-बारा किलो. मोठ्या माणसाला जेवढ्याने नुसते डोके दुखेल तेवढ्याने लहानग्याला तोंडाला फेस येऊ शकतो. शिवाय लहान मूल वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा ओढते, जमिनीलगत खेळते आणि मिळेल ते तोंडात घालते. म्हणून अंगणवाडीलगतच्या प्लॉटवर फवारणी करायची तर पोरे घरी गेल्यावर, वारा पडलेला असताना करावी, आणि सेविकाबाईंना आदल्या दिवशी सांगावे.

कॅन मोकळा झाला की तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे. नंतर बुडाला भोके पाडावीत, म्हणजे कोणाला तो द्यायचा मोहच होणार नाही. थिमेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी गोठ्याच्या माळ्यावर जुने डबे अजून सापडतात. ते पोरांच्या हाताला लागण्याआधी आम्हाला कळवा. विचारणा होणार नाही. चुकून पोराच्या अंगावर औषध सांडले तर कपडे काढून साबणाने अंग धुवावे, आणि लेबलासकट डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. पोटात गेले असले तर ओकारी काढायच्या नादात वेळ घालवू नये.

हे झाले गावच्या पोरांचे. खरा घोर आहे तो तळावरच्या पोरांचा. पहाटे चारला कोयता फडात जातो. कोपीत राहते सहा महिन्यांचे तान्हे आणि त्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण. नाहीतर पोर फडातच येते, पाचटावर निजते, ट्रॉलीच्या सावलीला बसते. ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी खाली उतरून, वाकून पाहिल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, हे ड्रायव्हरला आपण बजावले पाहिजे. पाचट पेटवू नका हे आम्ही आजवर सेंद्रिय कर्बाच्या हिशेबाने सांगत आलो आणि सभासद माना डोलावून काडी लावत आले. आता हे दुसरे कारण ऐका. पाचटात निजलेले पोर दिसत नाही.

गावची अंगणवाडी उघडते तेव्हा फडातल्या पहिल्या गाडीची मोळ्या बांधून झालेली असते. मग ही पोरे तिथे जाणार कधी आणि नेणार कोण? याचे उत्तर जुनेच आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. वाडीतली पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी'चे मूळ ते. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांत सुरू झाली, ती बरीच नंतर. तेव्हा आपल्याकडेही तळ लांब असेल तर पाळणाघर तळावरच हवे. त्याला लागते काय? एक पत्र्याची शेड, झाकणाचा पाण्याचा पिंप आणि त्याला तोटी, कुडापलीकडे चूल, आणि टोळीतलीच एक वयस्क बाई, जिची कोयत्याइतकी मजुरी बुडणार नाही. शेततळ्याजवळ मात्र तळ देऊ नये. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात घसरलेले मूल वर येऊ शकत नाही.

आहाराचे बोलू. आपण उसाला खताचे हप्ते वेळेवर देतो. मोठी बांधणी उरकली की नंतर कितीही युरिया ओता, फुटवे वाढत नाहीत. पोराची पहिली दोन-तीन वर्षे तशीच. सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर दुधाबरोबर वरचे मऊ अन्न. तळावर याच्या उलट दिसते. तान्ह्याला साखरपाणी, मोठ्याला चहात बुडवलेली खारी. पोट भरते, अंगी काही लागत नाही. अंगणवाडीच्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ताज्या आहारातून उष्मांक आणि प्रथिने किती मिळावीत याचे प्रमाण ठरलेले आहे, आणि हा आहार स्थलांतरित मुलालाही मुक्कामाच्या गावी मिळतो. मुकादमाने तळ पडल्याच्या पहिल्या आठवड्यात सहा वर्षांखालच्या मुलांची यादी सेविकाबाईंना द्यावी. ते होत नाही, कारण कोणी मागत नाही. आणखी एक, तीन-चार वर्षांखालच्या पोराला अख्खा शेंगदाणा, फुटाणा किंवा उसाचे करवे देऊ नयेत. घशात अडकतात. दाण्याचा कूट द्यावा.

तळावर जुलाब लागले की पोर दोन दिवसांत सुकते. इथे आपलीच साखर उपयोगी पडते. क्षारसंजीवनीचे पाकीट असेल तर उत्तम. नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषले जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते, म्हणून दोन्ही हवीत. साखर जास्त घातली तर जुलाब उलट वाढतात, तेव्हा साखर कारखान्याचे सभासद म्हणून सढळ हात नको! १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साखर-मिठाचे पाणी पाजायला लावले आणि शेकडा ३० च्या घरातले मृत्यू शेकडा ४ च्या खाली आले. डॉक्टर जस्ताच्या गोळ्या देतात त्या चौदा दिवस पुऱ्या द्याव्यात, जुलाब थांबले तरी.

आम्ही शेतकी पदविकेचे, वैद्य नव्हे. पण दंडाचा घेर मोजायला वैद्य लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर पट्टी लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. साडेअकरा ते साडेबारा असेल तर सेविकाबाईंना सांगून आहार वाढवायचा आणि महिन्याने पुन्हा मोजायचे. गट कार्यालयात अशा पट्ट्या आणून ठेवल्या आहेत. तोडीची स्लिप घ्यायला याल तेव्हा एक मागून घ्या, आणि येताना मोकळे कॅन घेऊन या. तात्यांनी चार आणून टाकलेत, आणि अंगणवाडीला तोटीचा नवा पिंपही दिलाय.