नियंत्रक नवा, तबकड्या जुन्या

मलकापूर स्थानकाच्या खिडकीवर तुम्ही आरक्षण करता, तेव्हा त्याची नोंद तिथल्या यंत्रात राहत नाही. १९८५ साली नवी दिल्लीत सुरू झालेल्या या पद्धतीत ती दूरच्या संगणक-केंद्रात साठते. मोठ्या साठ्यांत माहितीच्या तबकड्यांचा कारभार नियंत्रक पाहतो. बहुधा असे दोन नियंत्रक जोडीने असतात; एक बंद पडला की दुसरा त्याच्या तबकड्या सांभाळतो.

समजा, बिघडलेल्याच्या जागी नवा नियंत्रक बसवला. काम संपले का? नाही. कित्येक प्रणालींत प्रत्येक तबकडीवर तिच्या मालकाचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि तो असतो जुन्या नियंत्रकाचा! नव्याला तबकड्या दिसतात, पण तो त्यांना हात लावत नाही. हा हटवाद बरा. दोघे नियंत्रक एकाच तबकडीवर बेबंद लिहू लागले, तर नोंदींची खिचडी होईल. एकच शायिका दोन प्रवाशांना मिळेल.

म्हणून आधी नव्याचे घड्याळ जुळवतात. त्यात काही मिनिटांचा फरक असला, तरी इतर संगणक त्याची ओळख नाकारू शकतात. मग तबकड्यांवर नवा मालक-क्रमांक नोंदवतात. माहिती कूटबद्ध असेल, तर तिच्या किल्ल्याही हव्यातच. त्यानंतर जोडीदार कारभार परत देतो. आधी नव्याची स्वतःची कार्यप्रणाली असलेल्या तबकड्या, मग बाकीच्या.