डीपीएफचा खर्च नेमका कशात होतो?

अमेरिकेत दोन-चार एकर जागा आणि त्यासाठी छोटा ट्रॅक्टर घेणार असाल, तर आधी अश्वशक्ती बघा. 2013 पासून तिथल्या प्रदूषणाच्या टियर 4 नियमांनी 25 ते 50 अश्वशक्तीच्या नव्या डिझेल इंजिनांच्या काजळीवर कडक मर्यादा घातली. म्हणून या गटातल्या बहुतेक ट्रॅक्टरांना धुराच्या नळीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. 25 च्या आत तो लागत नाही. नुसतं गवत कापायचं आणि थोडी माती हलवायची असेल, तर 24 चाच घ्या.

फिल्टरमध्ये काजळी साठते आणि राखही. काजळी जळते. त्यासाठी ट्रॅक्टर फिल्टर 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतो, यालाच रिजनरेशन म्हणतात. काम चालू असताना झालं तर फारसं जाणवत नाही. ट्रॅक्टर उभा करून करावं लागलं, तर साधारण अर्धा तास आणि एक-दोन लिटर डिझेल, म्हणजे साधारण एक-दोन डॉलर. मात्र तेव्हा नळी प्रचंड तापते. वाळक्या गवतावर किंवा शेडमध्ये हे कधीच करू नका.

राख जळत नाही, ती फिल्टर काढूनच साफ करावी लागते. पण ही वेळ साधारण 3000 तासांनी येते. वर्षाला 100 तास चालवणाऱ्याला त्यासाठी 30 वर्षं लागतील! या सफाईचे ढोबळमानाने 300 ते 600 डॉलर, काढण्या-बसवण्याची मजुरी वेगळी.

खरे पैसे जातात ते अर्धवट सोडलेल्या रिजनरेशनमुळे. रिजनरेशनचा दिवा लागलेला असतो, जेवायची वेळ होते, आपण इंजिन बंद करतो. असं वारंवार झालं की काजळी साचत जाते, इंजिनाची ताकद उतरते आणि शेवटी डीलरचा लॅपटॉप जोडल्याशिवाय काजळी जाळताच येत नाही. मग ट्रॅक्टर ट्रेलरवर घालून न्यायचा, तासाच्या हिशेबाने मजुरी भरायची. फिल्टर कामातून गेला, तर नव्याला हजारांत डॉलर मोजावे लागतात. थंडीत इंजिन उगाच मंद चालू ठेवण्यानेही काजळी वाढते. थोडं गरम झालं की कामाला लावा.

ऑइल पुस्तिकेत सांगितलेलं, कमी राखेचंच घाला. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, तर ऑइलमध्ये डिझेल उतरत असण्याची शक्यता आहे, लगेच दाखवा. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका, तिथल्या क्लीन एअर कायद्याने ते बेकायदा आहे.

भारतात 1 जानेवारी 2023 पासूनचे प्रदूषणाचे ट्रेम 4 नियम 50 अश्वशक्तीच्या वरच्याच ट्रॅक्टरांना लागू झाले. त्यामुळे डीपीएफच्या बाबतीत गावाकडच्या छोट्या ट्रॅक्टरचा अनुभव उपयोगी पडत नाही.

खरेदीपूर्वी डीलरला विचारा: डीपीएफची वॉरंटी किती तासांची, आणि लॅपटॉप घेऊन घरी यायचे किती पैसे? दोन्ही उत्तरं लेखी घ्या.