अधीन राहा, पण गप्प राहू नका

आजचा शास्त्रभाग : रोमकरांस पत्र १३:१-७
सोबत वाचा : रोमकरांस १२:१४-२१, प्रेषितांची कृत्ये १६:१९-४०



निवडणुका जवळ आल्या, किंवा सरकारच्या एखाद्या निर्णयावरून वाद पेटला, की तरुण संघाच्या ग्रुपवर एक शास्त्रभाग हमखास फिरतो : रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. फॉरवर्ड करणाऱ्याचं म्हणणं साधारण असं असतं, की सत्ता देवाने नेमलेली आहे, तेव्हा ख्रिस्ती माणसाने राजकारणावर बोलू नये. प्रार्थना करावी आणि गप्प बसावं. गंमत अशी, की न आवडणारा पक्ष सत्तेवर आला की तोच माणूस हा अध्याय विसरतो. मग दुसऱ्या बाजूचा कोणीतरी तो शोधून काढतो!

पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारलं आहे : घरातली प्रार्थनासभा कोणी येऊन बंद पाडली, तर पोलिसांत तक्रार करायची का? वकील गाठायचा का? की ख्रिस्ती माणसाने सगळं मुकाट्याने सोसायचं? आपलं उत्तर बरंचसं या सात वचनांवर अवलंबून आहे. म्हणून आज ती सावकाश वाचू या.

१. पत्र कोणाच्या हातात पडलं?

पौलाने हे पत्र साधारण इ. स. ५७ च्या सुमारास लिहिलं. रोममध्ये तेव्हा नीरो कैसर होता. तो ५४ साली गादीवर आला होता. त्याच्या आधीच्या क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून हाकलून दिलं होतं. प्रेषितांची कृत्ये १८:२ मध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं भेटतं, ते त्याच हुकमामुळे करिंथला आलेलं. आता रोमकरांस १६:३ पाहा. पौल त्याच दोघांना सलाम सांगतो! म्हणजे ते रोमला परतले होते.

याचा अर्थ काय? सरकारचा एक कागद निघाला आणि रात्रीत घरदार सोडावं लागलं, असा अनुभव घेतलेली माणसं हे पत्र ऐकत बसली होती. त्यामुळे पौल इथे भाबडेपणाने बोलतोय, किंवा सत्ता नेहमी चांगलीच असते असं समजतोय, असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट. अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकात आले. पौलाच्या पत्रात बारावा अध्याय सरळ तेराव्यात वाहत जातो. बाराव्याच्या शेवटी तो काय सांगतो? छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, सूड उगवू नका, वाईटाला चांगल्याने जिंका. आणि सत्तेचा विषय संपल्याबरोबर, १३:८ पासून, तो पुन्हा शेजाऱ्यावरच्या प्रेमाकडे येतो. सत्तेविषयीची सात वचनं या दोन प्रेमांच्या मधोमध आहेत. तिथून उचलून ती एकटी वाचली, की त्यांचा अर्थ वाकडा होतो.

२. अधिकारी कोण? देवाचा सेवक

चौथ्या वचनात पौल अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. ग्रीक शब्द आहे 'दियाकोनोस'. हाच शब्द त्याने १६:१ मध्ये फिबीसाठी वापरला आहे, ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका होती. आपला 'डीकन' हा शब्दही त्यातूनच आला.

रोमच्या रस्त्यात हे वाक्य कसं वाटलं असेल याचा विचार करा. तिथे कैसरांना देव मानून त्यांची देवळं बांधली जात होती. आणि हा तंबू शिवणारा यहूदी लिहितो, की सत्ताधारी हा नोकर आहे, त्याच्या वर मालक आहे, आणि त्याला एक काम नेमून दिलं आहे : चांगलं करणाऱ्याचं भलं करणं आणि वाईटाला आळा घालणं. या वचनांनी सत्तेला मान दिला हे खरं आहे. पण तिला तिची जागाही दाखवली.

मग 'अधीन राहणं' म्हणजे काय? इथलं ग्रीक क्रियापद इफिसकरांस ५:२१ मध्येही येतं, जिथे पौल विश्वासणाऱ्यांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगतो. एकमेकांच्या अधीन राहणारी माणसं एकमेकांशी बोलणं बंद करत नाहीत. उलट, प्रेमाने चूकही दाखवतात. अधीन राहणं म्हणजे व्यवस्थेत आपली जागा ओळखून वागणं : कर भरणं, कायदा पाळणं, मान राखणं. तोंड शिवून घेणं हा अर्थ त्यात नाही.

३. लिहिणारा स्वतः कसा वागला?

हे पत्र लिहिण्याच्या काही वर्षं आधीची फिलिप्पैची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पौल आणि सीला यांना चौकशीविना, लोकांसमोर छड्या मारल्या गेल्या आणि बंदिशाळेत खोड्यात अडकवलं गेलं. रात्री भूकंप झाला, दारं उघडली. पौल पळाला नाही. जीव द्यायला निघालेल्या बंदिशाळेच्या नायकाला त्याने वाचवलं आणि त्याच रात्री त्या घराचा बाप्तिस्मा झाला. इथपर्यंतची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये रंगवून सांगतो.

पुढचा भाग मात्र बहुतेक वेळा राहून जातो. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवले : सोडून द्या त्यांना. पौलाने गुपचूप निघून जायला नकार दिला. तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, दोष शाबीत न करता तुम्ही आम्हाला चारचौघांत मारलं, आता स्वतः इथे या आणि आम्हाला बाहेर न्या. अधिकारी घाबरले, कारण रोमन नागरिकाला चौकशीविना मारणं बेकायदा होतं. ते आले आणि त्यांनी विनवणी केली.

हा पौलाचा अहंकार होता का? मला तसं वाटत नाही. तो त्या दिवशी शहर सोडून जाणार होता. मागे लुदियाच्या घरी नवी, छोटी मंडळी राहणार होती. पौल चोरासारखा निघून गेला असता, तर उद्या त्या मंडळीवर कोणीही हात टाकला असता. त्याने हक्क मागितला तो मागे राहणाऱ्यांसाठी.

पुढे यरुशलेममध्ये फटके मारायला बांधलं, तेव्हा त्याने शताधिपतीला शांतपणे एक प्रश्न विचारला : रोमन माणसाला दोषी न ठरवता फटके मारणं कायदेशीर आहे का? (२२:२५) आणि कैसरियात त्याने सरळ कैसराकडे दाद मागितली. (२५:११) तो कैसर म्हणजे नीरोच. पण त्याच वचनात तो आधी काय म्हणतो तेही वाचा : मी मरणाला योग्य असा गुन्हा केला असेल, तर मी शिक्षा चुकवत नाही.

हाच रोमकरांस १३ लिहिणारा माणूस. तो कायद्यापासून पळत नाही, कायदा हातात घेत नाही, आणि अधिकाऱ्याला कायदा विसरूही देत नाही.

४. वचन वाकवलं जातं तेव्हा

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात हा अध्याय वारंवार सरकारच्या बाजूने वापरला गेला. १९८५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती सेवकांनी 'कैरोस डॉक्युमेंट' काढलं. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं, की सरकारला जणू देवाची सही मिळवून देण्यासाठी हा शास्त्रभाग चुकीचा वापरला जातोय.

हे जुनं झालं म्हणाल, तर २०१८ घ्या. अमेरिकेच्या सीमेवर स्थलांतरित आईबापांपासून मुलं वेगळी केली जात होती. तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी जूनमध्ये एका भाषणात त्या धोरणाचं समर्थन करताना याच अध्यायाचा आधार घेतला. वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी त्याला विरोध केला.

दोन्ही ठिकाणी काय झालं? पहिलं वचन मोठ्याने वाचलं गेलं, आणि दहावं वचन, म्हणजे प्रेम शेजाऱ्याचं वाईट करत नाही हे, वाचायचं राहिलं.

आता आपल्या पुण्यातलं उदाहरण. १८९७ साली शहरात प्लेग होता. सरकार ब्रिटिशांचं, म्हणजे 'ख्रिस्ती' म्हणवणाऱ्यांचं. पंडिता रमाबाई १८८३ मध्येच ख्रिस्ती झाल्या होत्या. 'आपल्याच' लोकांचं राज्य म्हणून गप्प बसणं त्यांना सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. प्लेगच्या बंदोबस्तात आणि रुग्णालयात स्त्रियांचे जे हाल होत होते, त्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघडपणे लिहिलं. सरकारने त्यांचं म्हणणं नाकारलं, पण त्यांनी लिहायचं ते लिहिलं. याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. रोमकरांस १३ त्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

५. मग आपण काय करायचं?

रोममधल्या त्या विश्वासणाऱ्यांना मत नव्हतं. आपल्याला आहे. आपल्या देशात सर्वांत वरचा अधिकार कोणा एका नेत्याचा नाही, तो संविधानाचा आहे. ते २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलं गेलं. अधिकाराच्या अधीन राहायचं, तर मंत्री, पोलीस आणि आपण, सगळ्यांनीच त्याच्या अधीन राहायचं. म्हणून या चार गोष्टी ध्यानात ठेवा :

पहिली, हात स्वच्छ ठेवा. तिसरं वचन सांगतं, की चांगलं करणाऱ्याला भिण्याचं कारण नाही. आमिष दाखवून, दबाव टाकून कोणाला प्रभूकडे आणायचं नसतं. हिशेब, परवानग्या, कर, सगळं चोख हवं.

दुसरी, हक्क माहीत करून घ्या. अनुच्छेद २५ प्रत्येकाला सदसद्विवेकाचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्या माणसाला अटकेचं कारण कळण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. पोलीस दारात आले, तर आवाज न चढवता विचारा : साहेब, तक्रार काय आहे, कोणत्या कलमाखाली? शताधिपतीला पौलाने असाच प्रश्न विचारला होता.

तिसरी, फक्त स्वतःच्या मंडळीसाठी बोलू नका. शेजारच्या वस्तीत दुसऱ्या धर्माच्या माणसावर अन्याय झाला, तेव्हा आपण गप्प, आणि आपल्यावर आला की लगेच निवेदन, हे दहाव्या वचनात बसत नाही.

चौथी, तुम्ही ज्यांना मत दिलं नाही त्यांच्यासाठीही नाव घेऊन प्रार्थना करा. १ तीमथ्य २:१-२ मध्ये प्रार्थना सांगितली आहे ती सर्व अधिकाऱ्यांसाठी. ज्याच्यासाठी रोज गुडघे टेकतो, त्याच्याबद्दल शिवीगाळीचं मीम पुढे पाठवताना बोट अडखळतंच. आणि त्यालाच निवेदन लिहिताना शब्द ठाम पण सभ्य येतात.

आणि एखादा हुकूम थेट देवाच्या आज्ञेविरुद्ध गेला तर? प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्राचं उत्तर आहे : आधी देवाचं ऐकायचं. त्याने ते उघडपणे सांगितलं, परिणाम भोगले, आणि हातात दगड घेतला नाही.

आजचं पाऊल : आपल्या नगरसेवकाचं, आमदाराचं आणि खासदाराचं नाव माहीत आहे का? नसेल तर आज शोधा, वहीत लिहा, आणि आठवडाभर रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मग आपल्या वस्तीतला एक खरा प्रश्न, पाण्याचा, कचऱ्याचा, शाळेचा, त्यांना लेखी कळवा.

प्रार्थना : हे प्रभू, सर्व अधिकार तुझा आहे. आमच्या देशाच्या, राज्याच्या आणि शहराच्या अधिकाऱ्यांना न्यायाची बुद्धी दे. आमच्या मनातला द्वेष काढ आणि भीतीही काढ. बोलायचं तिथे आम्हाला धैर्य दे, सोसायचं तिथे धीर दे, आणि दोन्ही वेळी आमच्या तोंडी प्रीती असू दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.