आखडल्या बोटांचे कानमंत्र

अगं मने, सकाळी तुझी बोटं आखडतात म्हणे, आणि 'थंडीनं असेल' म्हणत तू बाम चोळून ऑफिस गाठतेस. मीही तेच केलं होतं, चांगली दोन वर्षं. म्हणून आत्याचं थोडं ऐक.

१. आधी वात कुठला ते डॉक्टरांकडून ठरवून घे – झिजेचा वेगळा, आमवात वेगळा, युरिक ॲसिडचा वेगळा. आडनाव एक म्हणून सगळे भाऊ नव्हेत.

२. सकाळी घड्याळ बघ. झिजेचा सांधा बहुधा अर्ध्या तासात सुटतो, आमवातात तासभर मूठ वळत नाही – मला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, पण दुपारी कणीक मळता यायची, म्हणून मीच त्याला नखरे समजले.

३. दोन्ही हातांची बोटं जोडीनं सुजली तर रुमॅटॉलॉजिस्टकडे जा – आमवातात शरीराचे राखणदारच सांध्यांवर उलटतात, आणि वाकडं झालेलं बोट गोळीनं सरळ होत नाही. माझी करंगळी बघ.

४. रक्ततपासणीत आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून पेढे वाटू नकोस – तो नसतानाही आमवात असू शकतो, आणि असला तरी दरवेळी आमवातच असतो असं नाही.

५. आमवातावर मेथोट्रेक्सेटची गोळी दिली तर ती आठवड्यातून एकदाच. डबीवर वार लिहून ठेव – मी रोजची समजून घेतली आणि तोंडभर फोड आले, तेव्हा डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त घाबरले. रक्ततपासणी चुकवायची नाही, आणि पाळणा हलवायचा बेत असेल तर डॉक्टरांना आधी सांग, लाजू नकोस – ही गोळी गर्भाला चालत नाही.

६. पुडीला नाव नाही, तिला घरात ठाव नाही – एका पुडीनं मी आठ दिवसांत जिना चढले, गाल गुबगुबीत झाले, बायका म्हणाल्या 'तब्येत सुधारली'. आत स्टिरॉइड होतं. अशी पुडी झटकन बंदही करू नये, डॉक्टर ती हळूहळू सोडवतात.

७. शेजारणीची गोळी, आपली होळी – वेदनाशामक गोळी ठणका दाबते, आमवात थांबवत नाही, आणि रोज घेतली तर पोट नि मूत्रपिंड दोन्ही दुखावते.

८. तुझ्या आतोबांचा पायाचा अंगठा मध्यरात्री असा पेटला की चादरही सोसेना. कलेजी आणि बिअर, दुसरं काय! ठणका गेला तरी युरिक ॲसिडची गोळी मनानं सोडायची नाही – ते रक्तात तसंच साचत राहतं.

९. आईच्या गुडघ्यांना खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम लाव, आणि उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात दे – मी महिनाभर उलटी धरून मिरवले.

१०. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना – सांध्यात पू झाला तर तो काही दिवसांत सांधा खाऊन टाकतो.

उद्यापासून रोज मूठ वळायला किती मिनिटं लागतात ते कॅलेंडरवर लिही, आणि डॉक्टरांची वेळ आजच घे. रविवारी फोन करीन तेव्हा मला मिनिटं सांग, 'बरी आहे' नको.