खरी वेळ कोणाची?

वर्गातले घड्याळ आणि घरचे घड्याळ कधी जुळत नाही. मग खरी वेळ कोणाची? चला, पाहू या.

प्रत्येक घड्याळात काहीतरी एका लयीत हलत असते. जुन्या घड्याळात लंबक, हातातल्या घड्याळात क्वार्ट्‌झचा बारीक तुकडा. थंडी-उन्हाने लय बदलते आणि घड्याळ मागेपुढे होते. पण सिझियम १३३ या धातूचे अणू सगळीकडे सारखेच! झोका त्याच्या लयीत ढकलला तरच उंच जातो ना? तसेच ठरावीक लयीच्या लहरी सोडल्या, तरच हे अणू आपली अवस्था बदलतात. लय चुकली की कमी अणू बदलतात, मग यंत्र लय सुधारून घेते. अशा ९,१९,२६,३१,७७० लहरी मोजल्या की झाला एक सेकंद! हे १९६७ साली ठरले.

एकच घड्याळ बिघडले तर? म्हणून जगातल्या चारशेहून जास्त अणुघड्याळांची वेळ पॅरिसजवळच्या एका संस्थेत एकत्र करतात. जे घड्याळ जास्त स्थिर, त्याला जास्त मान. गुरुजी वह्या तपासून देतात ना, तसे दर महिन्याला प्रत्येक देशाला कळवतात, की तुमचे घड्याळ इतके मागे किंवा इतके पुढे. भारताची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत.

एवढी काटेकोर वेळ कशाला? उपग्रहाच्या घड्याळात सेकंदाचा दहालाखावा भाग चुकला, तर अंतर ३०० मीटरने चुकते. मग जहाजाने वाट कशी शोधायची? २०१३ साली सोडलेल्या आपल्या दिशादर्शक उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळे २०१६ मध्ये बंद पडली. उपग्रह वर फिरत होता, पण ठिकाण सांगेना! घड्याळे परदेशी होती. २०२३ साली मात्र भारतात बनवलेले अणुघड्याळ आकाशात गेले. शाब्बास!

आणखी एक गंमत. पृथ्वी अगदी एकसारखी फिरत नाही. तिच्याशी जुळवून घ्यायला १९७२ ते २०१६ या काळात २७ वेळा एकेक सेकंद वाढवला. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचला आला. तेव्हा ५ वाजून २९ मिनिटे ६० सेकंद झाले होते! ही पद्धत २०३५ पर्यंत थांबवायची, असे २०२२ साली ठरले आहे.

करून पहा : घरचे घड्याळ आईबाबांच्या मोबाईलशी जुळवा. आठ दिवसांनी पुन्हा बघा. किती सेकंदांचा फरक पडला? वहीत लिहून आणा.