झाडावरचा टोमॅटो

दार्जिलिंगच्या बाजारात अंड्याच्या आकाराचे एक तांबडे फळ मिळते. नेपाळीत त्याला ‘रुख टमाटर’ म्हणतात. रुख म्हणजे आपला जुना मराठी ‘रूख’च! मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे हे झाड निलगिरीतही रुजले आहे. ‘टॅमरिलो’ हे नाव १९६७ मध्ये न्यूझीलंडमध्ये ठेवले गेले.

बी सहज उगवते. रोप मात्र काठीसारखे सरळ वर जाते. ते मीटरभर उंच झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. फळ दीड-दोन वर्षांनी धरते.

खरी अडचण मुळांची. ती वरच्या मातीतच पसरतात. त्यामुळे दोन-तीन दिवस पाणी साचले की झाड मान टाकते, उन्हात पाणी तुटले तरी सुकते आणि वाऱ्यात फळांनी लगडलेली फांदी कडकन मोडते. म्हणून भिंतीच्या आडोशाला, उंच वाफ्यावर लावावे. आधाराचा खुंट रोप लावतानाच ठोकावा. नंतर ठोकल्यास मुळे दुखावतात. बुंध्याशी खुरपे चालवू नये, पालापाचोळा पसरावा.

जेथे हिवाळ्यात दव गोठते तेथे मोठ्या कुंडीत लावून हरितगृहात ठेवावे. मैदानातल्या उष्ण हवेत झाड वाढले तरी फळ नीट धरत नाही. तेथे साधा टोमॅटोच बरा.

कच्चे फळ खाऊ नये. पिकलेल्याचीही साल कडू असते. निखाऱ्यावर भाजून ती सोलावी आणि गर मीठ-मिरचीबरोबर वाटावा. भाताबरोबर ही आंबट चटणी फार छान लागते.